चिमटा साधा, ब्रेक नवा

‘जुन्या सायकली टिकायच्या, हल्लीच्या टिकत नाहीत’ हे वाक्य बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सायकलच्या दुकानात ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं.

आपल्याकडे जुनी म्हणजे बहुतेकदा नव्वदच्या दशकातली रेंजर. स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, सरळ हँडल, न हलणारा चिमटा. ती टिकली, कारण ती पूर्ण उघडता यायची. बीबीतले, म्हणजे पेडलच्या धुरीतले, सुटे छर्रे काढायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, कपाला खड्डे पडले असतील तर तो बदलायचा, ग्रीस भरायचं आणि एक्सल डुगडुगणार नाही पण मोकळा फिरेल इतपतच आवळायचा. फ्रेमला तडा गेला तर नाक्यावरचा वेल्डर जोडून द्यायचा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा उपाय चालत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने तो भाग मऊ पडतो आणि कारखान्यातल्यासारखी उष्णप्रक्रिया केल्याशिवाय पहिली ताकद येत नाही. स्टीलचंही दुखणं आहेच. आपल्या पावसात नळ्या आतून गंजतात आणि बाहेरचा रंग शाबूत असल्याने कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी नव्या सायकलीच्याच बाजूने. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीहून जुलैमध्ये उतरताना रिम ओली, वर चिखल. रिमवर घासणाऱ्या जुन्या ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं, मग पकडतं. डिस्क हबजवळ, पाण्याच्या वर असते. उतारावर तो फरक जिवाचा असतो.

नव्यांची बदनामी केली ती स्वस्त शॉकअपने. १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली, मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली माउंटन बाइक, तिचाही चिमटा साधाच होता. चांगल्या शॉकअपमध्ये उसळी आवरायला तेल असतं, पाणी अडवायला सील असतात आणि त्यांची ठरावीक काळाने सर्व्हिस करावी लागते. स्वस्तात नुसती स्प्रिंग मिळते. दोन पावसाळ्यांत ती गंजून अडकते, मग उरतं फक्त वजन. आरेच्या किंवा एलबीएस मार्गाच्या खड्ड्यांना रुंद टायर आणि थोडी कमी हवा पुरते.

दुसरी खोट दिसतच नाही. स्वस्त सातगिअरी सायकलीत मागे फ्रीव्हील, म्हणजे गिअरचक्रांचा संच, हबवर आट्यांनी बसवतात. त्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात, एक्सलचा लांब भाग आधाराविना उरतो आणि खड्ड्यात तो वाकतो. कॅसेटच्या, म्हणजे गिअरचक्रं नुसती सरकवून बसवायच्या, हबमध्ये छर्रे थेट टोकाजवळ असतात. शॉकअपवर घातलेला पैसा कंपन्यांनी या हबवर घालायला हवा. साधा चिमटा, डिस्क ब्रेक आणि कॅसेट हब असलेली सायकल घाटकोपरच्या कॉलेजातल्या पोराला परवडेल अशा किमतीत क्वचितच दिसते, याचा मला खरोखर राग येतो.

तेव्हा दुकानात गिअर किती ते नंतर विचारा. आधी मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट ते विचारा आणि चाक काढून दाखवायला सांगा.