मुलीच्या हातात रायफल?

मैत्रिणींनो, मुलीनं एन.सी.सी.त रायफल चालवायची म्हटलं, की आपल्याकडे आधी कपाळाला आठ्या पडतात. उद्या लग्नाचं काय, हा प्रश्न तर ठरलेलाच! पण ही पॉइंट टू-टूची रायफल एकदा जवळून बघा. गोळी इवलीशी, खांद्याला धक्का जेमतेम. त्यामुळे नवखी मुलगीही बिचकत नाही. हत्यारच ते, तेव्हा शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच हाताळायचं, हे आलंच. स्पर्धेत नेम धरायचा ५० मीटरवर, आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? अवघं १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं! तिथे दांडगाई उपयोगाची नाही. श्वास रोखून, मन थाऱ्यावर ठेवून अलगद चाप ओढायचा. सुईत दोरा ओवताना आपण दुसरं काय करतो? कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये याच ५० मीटरच्या नेमबाजीत जगज्जेती झाली.

खरी अडचण पैशाची. गोळ्या, जाड कोट, सराव, सगळंच महाग. पण लेकीच्या दागिन्यांसाठी आपण पै-पै साठवतोच ना? त्यातलं थोडं इकडे वळवलं तर बिघडलं कुठे? निदान तिनं अर्ज पुढे केला, तर त्यावर सही तरी करा.