बिघडलेल्या फाईलची जुनी प्रत

पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे: कर्जहप्त्यांची यादी सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये होती. कुणीतरी तीत भलतेच आकडे भरून सेव्ह केले, आणि आता सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. काय करू?

बाई, आधी त्या फाईलला कुणाला हात लावू देऊ नका. विंडोजच्या सर्व्हरमध्ये २००३ पासून शॅडो कॉपीची सोय आहे. ती सुरू केलेली असली, की वेळापत्रक न बदलल्यास सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ वाजताची फाईल जशीच्या तशी जपली जाते. यादी साडेबाराला बिघडली असेल तर बाराची हाती लागेल. मधल्या अर्ध्या तासाचं काम मात्र गेलंच म्हणायचं.

फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडा. तारीख-वेळ पाहून प्रत ‘ओपन’ करा, आकडे पावत्यांशी ताडून बघा आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करा. ‘रिस्टोर’ दाबायची घाई नको! जुनी प्रत आजच्या फाईलच्या जागी बसते, आणि तुमच्या बाजूचा पुरावाच पुसला जातो. फाईल डिलीटच झाली असेल, तर ती ज्या फोल्डरात होती त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शोधा.

उशीर करू नका. फार तर ६४ प्रती राहतात. जागा कमी पडली तर जुन्या त्याआधीच जातात. तिथे काहीच दिसलं नाही, तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे बॅकअप मागा. तोंडी नको, लेखी मागा.