जुनी २२० की नवी १२५?

बारावीचा निकाल लागला किंवा पोराला पहिली नोकरी मिळाली की मुंब्रा-कौशात, राबोडीत, कल्याणच्या दूध नाक्यावर एक प्रश्न हमखास निघतो. माजी विद्यार्थी भेटले की विचारतात, "सर, दहा वर्षांची २२० रोखीत मिळतेय. नवी १२५ घेण्यापेक्षा तीच बरी ना?" प्रश्न गाडीचा दिसतो, पण त्यात घराचा हिशेब असतो, मोहल्ल्यातली इज्जत असते आणि पोराचा जीवही असतो. म्हणून माझे मत इथे सविस्तर मांडतो.

आधी सीसी म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढी जागा व्यापत वर-खाली होतो, तिचे हे घनफळ. ती जागा किती हे आकडा सांगतो. त्या जागेतून काम किती निघते हे सांगत नाही. १९८५ मध्ये आपल्याकडे आलेल्या दोन गाड्या आठवा. हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००. दोन्हींचे इंजिन शंभर सीसीच्या जरा आत. पण टू-स्ट्रोक आरएक्सची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती, तर फोर-स्ट्रोक सीडी त्यापेक्षा बरीच कमी ताकदीची आणि पेट्रोल जपून पिणारी. आकडा तोच, स्वभाव वेगळा.

आता काळाचा फरक बघा. २००१ मध्ये बजाजची पहिली पल्सर १५० आली, तेव्हा तिची ताकद १२ अश्वशक्तीच्या आसपास होती आणि पोरे तिच्यामागे वेडी झाली होती. आजच्या चांगल्या १२५ सीसी गाड्या ११ ते १२ पर्यंत जातात. म्हणजे काकांच्या तरुणपणी जी 'पॉवरची गाडी' होती, तिच्या जवळपास आजची '१२५' पोहोचली आहे. तरी आपण अजून आकड्यावरूनच माणसाचा दर्जा ठरवतो.

जुनी २२० आजही ताकदवान आहे, यात शंका नाही. सुमारे २० अश्वशक्ती, वजन दीडशे किलोच्या घरात. माझा आक्षेप तिच्या ब्रेकवर आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे झाले. करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ नये, यासाठी ती व्यवस्था असते. १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही काही जोर मिळण्याची सोय, बंधनकारक झाली. दहा वर्षांपूर्वीच्या २२० मध्ये यातले काहीच नसते. वेग मोठा आणि ब्रेक जुने, असा हा जोड आहे. मुंब्रा बायपासवर पावसात पुढचा कंटेनर अचानक थांबतो, तेव्हा या दोन ओळींतला फरक कळतो.

आपले रस्तेही लक्षात घ्या. शीळफाटा, काटई नाका, कळवा नाका, घोडबंदर रोड. इथे सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायला मिळते किती वेळा? वीस अश्वशक्तीतली निम्मी तर सिग्नलला उभी असते. तिथे लागते हलकी गाडी आणि हलका क्लच.

हिशेब बघू. महिन्याला १००० किलोमीटर धरा. जुनी २२० लिटरला ३५ देते आणि १२५ लिटरला ५० देते असे मानले, तर आठ-नऊ लिटरचा फरक पडतो. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे महिन्याला आठ-नऊशे रुपये सहज जास्त. थर्ड पार्टी विमासुद्धा सीसी पाहून ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १३६६ आणि त्यावर २८०४. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्यासाठी बनवलेले आहेत. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते.

जुन्या गाडीच्या बाजूनेही दोन गोष्टी खऱ्या आहेत. कार्बोरेटर गल्लीतला कोणताही मिस्त्री उघडून साफ करतो. इंजेक्शनच्या गाडीला कधी कधी स्कॅनर लागतो. दुसरी गोष्ट जास्त वजनदार. नवी गाडी लाखाच्या आसपास जाते, बहुतेकांना ती हप्त्यावरच घ्यावी लागते, आणि हप्ता आला की व्याज आले. सूद नको म्हणून जो रोखीतली जुनी गाडी शोधतो, त्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही.

पण रोखीत घ्यायची म्हणजे मोठीच घ्यायची, असे कुठे आहे? त्याच पैशात तीन-चार वर्षे वापरलेली बीएस-६ ची १२५ बघा. पैसे कमी पडत असतील तर आपल्या मोहल्ल्यात बिनव्याजी बीसी चालते, मराठीत जिला भिशी म्हणतात. सहा महिने लोकलचे धक्के खा, नंबर लागला की घ्या. घेताना आरसी नावावर करून घ्या, बाकी चलन तपासा. काही १२५ गाड्यांत आता एबीएसचा पर्यायही मिळतो. तो मिळाला तर चार पैसे जास्त द्या. तो खर्च इस्राफ नाही. दाखवण्यासाठी मोठा आकडा घेणे म्हणजे इस्राफ, उधळपट्टी.

ज्याला मागे बायको-मुले बसवून वारंवार माळशेज चढायचा आहे, कोकणात जायचे आहे, त्याने मोठे इंजिन जरूर घ्यावे, पण २०१९ नंतरचे, एबीएस असलेले.

आणि पालकांना एक सांगणे. सोळा ते अठरा वयात कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवू देतो, तीही लायसन्स काढून. त्याहून मोठी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून चावी देऊ नका. घड्याळ द्या, पुस्तके द्या.

अठरा पूर्ण झालेल्या पोरांना माझे उत्तर सरळ आहे. जुनी २२० सोडा, नवी किंवा नव्यासारखी १२५ घ्या आणि वाचलेल्या पैशातून आधी दोन चांगली हेल्मेट घ्या. एक तुमचे, एक मागे बसणाऱ्याचे.