पहिला क्रमांक विकत मिळतो काय?

दिवाळी जवळ आली की आमच्या इंदुरातील मराठी घरांतून भाजणीचा दरवळ सुटतो, आणि अलीकडे त्याच्या मागोमाग एक नव्या प्रकारचे गृहस्थ दारी येऊ लागले आहेत. ‘तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ हे आश्वासन ते विकतात. फराळाचा व मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या, आमच्या परिचयातील एका भगिनींनी या आश्वासनापोटी वर्षाच्या नफ्यातील मोठा हिस्सा मोजला. पहिला क्रमांक आलाही. परंतु तो त्यांच्या व्यवसायाचे नावच टंकले असता! ज्या नावाचे दुसरे दुकान त्रिभुवनात नाही, त्या नावाने पहिले येणे म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या वर्गात पहिले येणे होय. असा निकाल लावून बक्षीस घेणारा परीक्षक आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

तेव्हा वाचकहो, मुळातील भेद आधी समजून घेऊ. गूगलच्या पानावर दोन जातींच्या नोंदी असतात. काहींवर ‘प्रायोजित’ असा शिक्का असतो. ती जागा पैसे देऊन मिळते. उरलेल्या नोंदींचा क्रम पैशाने मिळत नाही, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. हमीपत्र घेऊन येणाऱ्यास हे वाक्य दाखवावे. बहुधा चहा न घेताच तो उठतो.

हा क्रम लागतो कसा? 1998 साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या दोघा संस्थापकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना एक युक्ती योजली होती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखविणारा स्वतः मान्यवर असेल तर अधिकच महत्त्वाचे. विद्वानांच्या प्रबंधांत ज्याचा उल्लेख वारंवार येतो त्याची थोरवी आपण अशीच ठरवितो. आज त्यात इतर अनेक कसोट्यांची भर पडली आहे. मात्र शिफारशीला मोल आले की खोट्या शिफारशींचा बाजार भरतो, तसा येथेही भरला. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसमूहाकडे असंबद्ध पानांवरून हजारो दुवे जोडलेले होते, हे 2011 साली न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. कंपनीने आपणांस याची माहिती नव्हती असे सांगून आपल्या सल्लागारांना निरोप दिला. पण गूगलने तिला पहिल्या जागांवरून पार खाली ढकलले ते ढकललेच. एवढ्या धनाढ्य दुकानाची ही गत, तर आपल्या चकलीवालीची काय कथा? पानाच्या पोटात लपविलेल्या शब्दांच्या यादीबद्दलही दलाल पैसे घेतात. क्रम लावताना ती यादी आपण विचारात घेत नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे.

खरे काम भाषेचे आहे, आणि ते दलालापेक्षा घरच्या माणसालाच चांगले साधते. त्या भगिनींच्या पानावर ‘सर्व प्रकारचे दर्जेदार खाद्यपदार्थ माफक दरात’ असे भारदस्त वाक्य होते. पाटीवर ते शोभेल. पण ‘दर्जेदार खाद्यपदार्थ’ असे कोणी शोधतच नाही. बडोद्यास वा हैदराबादेस वाढलेली, आजीच्या हातच्या चवीस पारखी झालेली नात शोधते ते ‘मेतकूट’, ‘गोडा मसाला’, ‘उपवासाची भाजणी’. तेही बहुधा रोमन लिपीत टंकून. (शाळामास्तराने याबद्दल कष्टी व्हावे, विक्रेत्याने मुकाट्याने दोन्ही लिप्यांत नाव लिहावे.) प्रत्येक पदार्थास स्वतंत्र पान द्यावे, वजन, किंमत, किती दिवस टिकतो, कोणकोणत्या गावी पाठविता येतो, हे स्पष्ट लिहावे. मेतकूट म्हणजे काय, हे मराठी न जाणणाऱ्या शेजाऱ्यासाठी दोन ओळींत सांगावे. आपल्याकडचे हे शब्द आपणच लिहिले नाहीत, तर शोधणाऱ्यास ते सापडावेत कोठून? प्रत्यक्ष दुकान असल्यास गूगलच्या नकाशावरील नोंद विनामूल्य होते, तीही करून टाकावी.

जाहिरातीचे शास्त्र निराळे. तेथे प्रत्येक शोधागणिक क्षणार्धात लिलाव होतो. जाहिरातदार एका टिचकीमागे जास्तीत जास्त किती देणार ते सांगतो. परंतु केवळ मोठ्या बोलीने जागा मिळत नाही, जाहिरात व पान शोधलेल्या शब्दाशी कितपत जुळते, हेही पाहिले जाते. म्हणून छोट्या दुकानदारास येथे थोडी आशा आहे. धोका आहे तो ढिसाळपणाचा. ‘मसाला’ हा एकच शब्द मोकळा सोडला, तर ‘मसाला डोसा कसा करावा’ असे विचारणाराही टिचकी मारून आपले पैसे खर्ची घालतो. ‘कृती’, ‘नोकरी’ असे नको असलेले शब्द वर्ज्य करण्याची सोय असते, ती अवश्य वापरावी. गाव निवडताना, त्या गावात असलेल्यांनाच जाहिरात दिसावी असे मुद्दाम नेमावे लागते. नाही तर त्या गावाविषयी नुसती आस्था दाखविणाऱ्या दूरच्यांनाही ती दिसते. रोजच्या खर्चाची मर्यादा घालता येते, तथापि एखाद्या दिवशी ती दुपटीपर्यंत जाऊ शकते. महिन्याचा हिशेब मात्र सरासरीने सांभाळला जातो.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, हे आजच पाहावे. आमच्या त्या भगिनींचे ते दलालाच्या नावे निघाले, जाहिरातीचे खातेही त्याच्याच हाती. काम थांबवितो म्हणताच नाव परत देण्याचे निराळे पैसे मागितले गेले. अखेर त्यांनी नवे नाव घेतले, या वेळी स्वतःच्या नावाने व स्वतःच्या दूरध्वनी क्रमांकावर. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आता स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, गॅसच्या नोंदीशेजारी, लाल शाईने लिहिलेली आहे.