चूल कोणत्या रकान्यात लिहायची?

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एका ओळीचा प्रश्न होता : ‘स्वयंपाकाचे मुख्य इंधन कोणते?’ जुन्नरच्या एका मोहल्ल्यात दारात बसलेले चाचा म्हणाले, ‘गॅस.’ मी टिक केली. मग चाचींनी चहाला आत बोलावले. गॅसवर फक्त चहा होता. मागच्या पडवीत चुलीवर भाकरी, डाळ आणि आंघोळीचे पाणी. आढे काजळीने काळे झालेले. खोकत खोकत चाची म्हणाल्या, ‘एक सिलिंडर तीन महिने चलाना पडता, बेटा.’

फॉर्मवर चुलीसाठी दुसरा रकानाच नव्हता. माझ्या टिकेने ते घर धूरमुक्त झाले, चाची मात्र धुरातच राहिल्या.

प्रश्न एका फॉर्मचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्वच्छ इंधनाचा आकडा ठरतो तो ‘मुख्य’ साधनावरून. २०१५-१६ मध्ये देशातली ४३.८ टक्के घरे स्वच्छ इंधनाची होती, २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. ही वाढ खरी आहे, २०१६च्या उज्ज्वला योजनेचा तिच्यात वाटाही आहे. पण गॅस आणि चूल दोन्ही पेटणारी घरे या आकड्यात कुठे दिसतात? आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या पाड्यांवर सरपण रानात मिळते, सिलिंडरला रोख पैसे लागतात. तिथे ‘मुख्य’ काय? उन्हाळ्यात अंगणात असलेली चूल पावसाळ्यात घरात येते, ओल्या लाकडाचा धूरही घरातच कोंडतो. एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला तो दिसणार कसा?

प्रश्न वाढवले की खर्च वाढतो, असे सांगितले जाते. तीनच प्रश्न पुरेत : काल दिवसभरात काय काय पेटवले? शेवटचा सिलिंडर कधी आणला? चूल कुठे आहे, दाखवता का? आणि ते स्वयंपाक करणारीलाच विचारा. शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत धूर मोजला, तो चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर उपकरणे लावून. चाळीस वर्षांनंतरही आपण उंबऱ्यावरच्या पुरुषाला विचारून परततो.

यात आपल्या समाजाचाही दोष आहे. ‘घरातली बाई परक्याशी बोलत नाही,’ असे सांगून आपण दार लावतो. मग तिचा खोकला कोण लिहिणार? परदा असेल तर बाई प्रगणक मागा, तो तुमचा हक्क समजा. पण पुढच्या वेळी फॉर्म घेऊन कोणी आले, तर भाऊ, तुम्ही उत्तर देऊ नका. आत हाक मारा.