घरचं-बाहेरचं : वॉरंटी संपली, म्हणून सगळंच संपलं का?

मैत्रिणींनो, मिक्सर बिघडला तर आपण पाटा-वरवंटा काढतो. फ्रीज बिघडला तर दूध शेजारच्या वहिनींकडे ठेवतो. पण लॅपटॉप बिघडला तर काय करायचं, हे आपल्याला ना आईनं शिकवलं, ना सासूबाईंनी!

आमच्याकडचा लॅपटॉप माझ्या पैशांचा. शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या मानधनातले थोडे थोडे बाजूला टाकून ३५ हजारांना घेतला. मुलीचा अभ्यास, माझ्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या गुणांच्या याद्या, सगळं त्यातच. घरातली ही पहिलीच मोठी वस्तू, जिच्या पावतीवर माझं नाव आहे.

दहाव्या महिन्यात पडद्यावर एक हिरवी उभी रेघ दिसायला लागली. दुकानदाराला मोबाइलवरून फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "वहिनी, होतं असं कधीकधी. दिवाळीनंतर आणा." मीही म्हटलं, आधी फराळ उरकू दे. फराळ झाला, मग सहामाहीचे पेपर, मग नणंदेच्या मुलीचं लग्न. आणि एक दिवस सकाळी बघते तर अर्धा पडदा काळा! धावत जाऊन पावती काढली. वर्ष उलटून १९ दिवस झाले होते.

दुरुस्ती केंद्रातल्या मुलानं खर्च सांगितला ११ हजार. वर म्हणाला, "वॉरंटी संपली मॅडम, आमच्या हातात काही नाही." हे म्हणाले, "जाऊ दे गं, पुढं बघू नवा." मला मात्र रात्रभर झोप नाही. चूक आपलीच, हेच डोक्यात घोळत राहिलं.

मार्ग काढला मुलीनं. "आई, तू त्या काकांना फोटो पाठवला होतास ना? तो असेल की अजून!" होता. तारखेसह होता, आणि त्याचं उत्तरही होतं. म्हणजे बिघाड मुदतीतला होता नि मी तो कळवलाही होता.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला. मराठीत बोलले. तक्रारीचा क्रमांक मिळाला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि तडजोड घडवून आणायला बघते. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. पडदा फुकट बसवून मिळाला, मजुरीचे तेवढे ९०० रुपये दिले.

प्रत्येकीचं असं सुखासुखी जमेलच असं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ग्राहकांसाठीचा पहिला कायदा १९८६ चा. आता चालतो तो २०१९ चा, २०२० पासून लागू झालेला. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तू मुंबईहून मागवलेली असली तरी नगरकरणीनं (आता अहिल्यानगरकरणीनं म्हणायचं!) नगरातच दाद मागावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलच हवा असंही नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. वॉरंटी संपल्यावरही दोष मुळातलाच होता हे दाखवता आलं, तर म्हणणं मांडता येतं. पण ते दाखवायला कागद लागतो, नुसता राग उपयोगाचा नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

१. पावतीचा फोटो काढून ठेवा. पावतीची शाई वर्षभरात उडते. वॉरंटी संपण्याआधी महिनाभर कॅलेंडरवर खूण करा, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी.

२. बारीकशी तक्रारही लेखी कळवा. तोंडी बोलणं हवेत विरतं.

३. दुकानात नेण्याआधी दुसरा चार्जर लावून पाहा. पडदा काळा असेल तर केबलनं टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र दिसलं, तर बिघाड बहुधा पडद्यात नाहीतर त्याच्या वायरीत आहे. आतलं यंत्र ठीक आहे.

४. कामाच्या फायली नि फोटो आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. दागिने कपाटात ठेवून आपण रंगाऱ्याला घरात घेतो, तसंच हे.

५. बाहेरच्या कारागिराकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या. नव्या भागाला किती महिन्यांची हमी, ते विचारा. जुना भाग परत मागा. खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर थांबून विचार करा.

६. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच बंद. दाबू नका, टोचू नका; ती पेट घेते. घंटागाडीतल्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आमच्या सासूबाई एका पातेल्यासाठी बोहारणीशी तासभर घासाघीस करायच्या. शेवटी एखादा चमचा तरी जास्तीचा पदरात पाडूनच उठायच्या. आणि मी पदवीधर बाई, ३५ हजारांच्या वस्तूसाठी "वॉरंटी संपली मॅडम" या तीन शब्दांवर मान खाली घालून घरी आले होते! पुढच्या वेळी मात्र तसं नाही यायची. तुम्हीही येऊ नका.