सामाईक चलन, वेगळ्या तिजोऱ्या

शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा किंवा जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला, की आपल्याकडील धनिकधार्जिणी वृत्तपत्रे एक दाखला हमखास पुढे करतात: ग्रीसचे काय झाले ते पाहा! सरकारने लोकांना बसून खाऊ घातले, ऋण काढून सण केले आणि अखेर देशाचे दिवाळे वाजले, अशी ही बोधकथा आहे. ती इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, की आपले कार्यकर्तेही सभेत तिच्यापुढे निरुत्तर होतात. म्हणून युरो या सामाईक चलनावर २०१० पासून जे संकट कोसळले, त्याची हकिगत मुळापासून तपासणे अगत्याचे आहे.

ग्रीसचे राज्यकर्ते निर्दोष होते, असे कोणीही म्हणणार नाही. जहाजमालकांकडून आणि बड्या व्यावसायिकांकडून कर वसूल करण्याची इच्छा तेथील दोन्ही प्रमुख पक्षांनी कधी दाखविली नाही. तुटीचे आकडे वर्षानुवर्षे दडपले गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये निवडून आलेल्या पापांद्रेऊ सरकारने चालू वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२ टक्क्यांहून अधिक असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ती १५ टक्क्यांच्याही वर गेल्याचे पुढे निष्पन्न झाले. हे सर्व खरे. परंतु उधळपट्टी हेच संकटाचे कारण असेल, तर स्पेन आणि आयर्लंड यांचा उलगडा कसा करावयाचा? २००७ साली या दोन्ही देशांच्या अंदाजपत्रकांत तूट नव्हती, शिल्लक होती. सार्वजनिक कर्ज स्पेनचे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३६ टक्के, आयर्लंडचे सुमारे २५ टक्के. करारातील ६० टक्क्यांची मर्यादा त्या वर्षी ओलांडली होती ती जर्मनीने. आयर्लंडमध्ये उधळपट्टी केली ती खासगी बँकांनी, जमिनी आणि इमारतींच्या सट्ट्यावर. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने या बँकांच्या देण्यांना सरसकट हमी दिली आणि पावती जनतेच्या नावे फाडली गेली. पाच वर्षांच्या आत तेथील सार्वजनिक कर्ज १२० टक्क्यांच्या घरात पोहोचले.

तेव्हा दोष शोधावयाचा तो चलनाच्या रचनेत. १९९९ साली युरो अस्तित्वात आला. ग्रीस त्यात २००१ मध्ये दाखल झाला. एक चलन म्हणजे एक व्याजदर. फ्रँकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेचा दर मरगळलेल्या जर्मनीला जड होत होता, तर तेजीतल्या स्पेनला आणि आयर्लंडला तो अति स्वस्त पडत होता. त्याच सुमारास, २००३ पासून, जर्मनीतील श्रोडर यांच्या सरकारने बेकारभत्त्यांना कात्री लावली आणि मजुरीची वाढ रोखून धरण्याचे धोरण पक्के केले. (हे सरकार सोशल डेमोक्रॅट पक्षाचे होते, याकडे पुढे यावयाचे आहे.) जर्मन कामगाराची मजुरी वाढेना, म्हणून जर्मन माल स्वस्त राहिला, दक्षिणेकडे मजुरी आणि भाव चढत गेले. मार्क आणि द्राख्मा ही वेगळी चलने असती, तर मार्क वधारून आणि द्राख्मा घसरून हा तोल काही अंशी सावरला असता. सामाईक चलनाने तो मार्गच बंद केला. जर्मनीच्या निर्यातीतून साचलेली शिल्लक तेथील बँकांमार्फत कर्जरूपाने दक्षिणेकडे गेली आणि त्या कर्जातून दक्षिणेने जर्मन माल घेतला. धनको आणि ऋणको ही एकाच व्यवहाराची दोन टोके असतात. प्रत्येक बेफिकीर ऋणकोच्या पाठीशी तितकाच बेफिकीर धनको उभा असतो, हे सावकारी भोगलेल्या आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मग संकट आले, तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली. ज्या देशाचे चलन स्वतःचे आहे, त्याचे सरकार अडचणीत आले तर त्याची मध्यवर्ती बँक सरकारी रोखे विकत घेऊन बाजारातील घबराट थांबवू शकते. ग्रीसचे कर्ज अशा चलनात होते, जे छापण्याचा अधिकार ग्रीसला नव्हता. ज्या बँकेला तो होता, तिला सरकारांना थेट कर्ज देण्यास कराराने मनाई केली होती. आणि एका देशाच्या कर्जाचे दायित्व दुसऱ्याने घेऊ नये, असेही कलम करारात होते. राहिला एकच उपाय: मजुरी, निवृत्तिवेतन आणि भाव खाली दाबणे. अर्थशास्त्रज्ञ त्याला 'अंतर्गत अवमूल्यन' असे सोज्ज्वळ नाव देतात. चलनाचे अवमूल्यन झाले की त्याची झळ कमीअधिक प्रमाणात सर्वांना लागते. अंतर्गत अवमूल्यनाची लागते ती मजुरीवर जगणाऱ्याला. बचत परदेशी बँकेत नेऊन ठेवणाऱ्याला तिची आचही लागत नाही.

या चलनाला जन्म देणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात तुटीची मर्यादा ३ टक्के ठरली, तिची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९८१ साली फ्रान्सच्या अर्थखात्यातील दोन तरुण अधिकाऱ्यांना, खर्चिक मंत्र्यांना थोपविण्यासाठी काहीतरी सुटसुटीत आकडा शोधण्यास सांगण्यात आले. त्यांनी तो घाईघाईने काढून दिला. त्याला कोणताही सैद्धांतिक आधार नव्हता, हे त्यांच्यापैकीच एकाने पुढे सांगितले. तोच आकडा करारात शिरला, जगभर फिरला आणि २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याखाली आपणही तो उद्दिष्ट म्हणून शिरोधार्य मानला. २००३ मध्येच जर्मनी आणि फ्रान्स यांनी ही मर्यादा मोडली, तेव्हा त्यांच्यावरील कारवाई थांबविण्यात आली होती.

यांपैकी काहीच अनपेक्षित नव्हते. १९५६ साली आपल्या करपद्धतीवर अहवाल देऊन गेलेले निकोलस काल्डोर यांनी १९७१ मध्येच बजावले होते, की राजकीय ऐक्याच्या आधी चलनाचे ऐक्य केले, तर त्याने ऐक्य साधण्याऐवजी फूट पडेल. १९७७ च्या मॅकडूगल अहवालाने हिशेब मांडला होता, की अशा संघाला प्राथमिक अवस्थेतही एकूण उत्पन्नाच्या ५ ते ७ टक्क्यांएवढी सामाईक तिजोरी लागेल. युरोपीय संघाची तिजोरी १ टक्क्याच्या आसपासच राहिली. चलन एक झाले. ज्याचे त्याचे दारिद्र्य ज्याचे त्याच्याकडे राहिले.

मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी हे त्रिकूट त्याच्या अटी लिहीत होते. या व्यवहाराला 'मदत' म्हणणे हा भाषेवर अत्याचार आहे. ग्रीक रोख्यांत फ्रेंच आणि जर्मन बँकांचा फार मोठा पैसा अडकला होता. नव्या कर्जातील बहुतांश रक्कम जुने हप्ते, व्याज आणि बँकांचे पुनर्भांडवलीकरण यांतच गेली. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांच्या मुद्दलाला निम्म्याहून अधिक कात्री लागली खरी, परंतु तोवर शहाण्या बँकांनी बरेचसे अंग काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी युरोपचा करदाता धनको होऊन बसला होता. जर्मन कामगाराला सांगण्यात आले, की तुझ्या करातून आळशी ग्रीक पोसले जात आहेत. बँकांची सुटका झाली आणि दोन देशांचे श्रमिक एकमेकांचे वैरी बनले.

ग्रीसचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे चतुर्थांशाने घटले. किमान वेतन फेब्रुवारी २०१२ मध्ये एका फटक्यात २२ टक्क्यांनी, तर पंचविशीच्या आतील तरुणांसाठी ३२ टक्क्यांनी खाली आणले गेले. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर पोहोचली. काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्या हाती होते. एवढे करून कर्जाचा भार हलका झाला म्हणावे, तर उत्पन्नाशी त्याचे प्रमाण १२७ टक्क्यांवरून १८० टक्क्यांकडे गेले. भाजक आकसला की भागाकार वाढतो, हे शाळकरी गणित आहे. काटकसरीने उत्पन्न किती घटेल याचा अंदाज कमी धरला गेला, असे नाणेनिधीच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञांनी जानेवारी २०१३ मध्ये कबूल केले. अटी मात्र बदलल्या नाहीत.

सार्वजनिक मालमत्ता विकण्याची अटही त्यांत होती. पिरेयस बंदराचा ताबा २०१६ मध्ये चीनच्या सरकारी जहाजकंपनीकडे गेला. चौदा प्रादेशिक विमानतळ चाळीस वर्षांच्या कराराने ज्या जर्मन कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाकडे २०१७ मध्ये गेले, तिचे सर्वांत मोठे भागधारक आहेत हेसन हे जर्मन राज्य आणि फ्रँकफुर्ट शहर. सार्वजनिक मालकी वाईट, असे ग्रीकांना शिकविणाऱ्यांना दुसऱ्यांची सार्वजनिक मालकी चालत होती.

लोकशाहीचे काय झाले? ऑक्टोबर २०११ अखेर पापांद्रेऊ यांनी अटींवर सार्वमत घेण्याची घोषणा केली. काही दिवसांत त्यांना ती मागे घ्यावी लागली, पद सोडावे लागले, आणि त्यांच्या जागी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष पापादेमोस आले. त्याच महिन्यात इटलीतही न निवडलेला अर्थतज्ज्ञ पंतप्रधान झाला. जानेवारी २०१५ मध्ये सिरिझा हा डावा पक्ष काटकसरीच्या विरोधात निवडून आला. दहा दिवसांत मध्यवर्ती बँकेने ग्रीक सरकारी रोखे तारण म्हणून घेणे थांबविले. जूनअखेर तिने ग्रीक बँकांच्या तातडीच्या कर्जाची मर्यादा गोठविली आणि बँकांना टाळे लागले. खातेदाराला दिवसाला ६० युरोंवर पैसे मिळेनात. अशा स्थितीत ५ जुलै रोजी ६१ टक्के मतदारांनी अटींना 'नाही' म्हटले. १३ जुलै रोजी त्सिप्रास यांनी त्याहून कठोर अटी मान्य केल्या.

त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. युरो सोडला असता तर कर्ज युरोतच राहिले असते आणि नव्या, घसरत्या चलनात तेल व औषधे आयात करावी लागली असती; पहिली दोन वर्षे भयंकर गेली असती. परंतु आमचा आक्षेप वेगळा आहे. हा पक्ष काटकसर संपविण्याचे आणि युरो राखण्याचे अशी दोन्ही वचने देऊन सत्तेवर आला, आणि या दोहोंपैकी एकच शक्य झाले तर काय करावयाचे, याची तयारी त्याने केली नाही. उठून जाण्याची तयारी नसलेल्याला वाटाघाटी करता येत नाहीत. त्याला फक्त विनवण्या करता येतात.

ही चूक एकट्या सिरिझाची नव्हे. १९८१ साली मितराँ बँकांचे राष्ट्रीयीकरण करीत सत्तेवर आले आणि मार्च १९८३ मध्ये युरोपीय चलनव्यवस्थेत टिकून राहण्यासाठी त्यांनी आपला कार्यक्रमच गुंडाळला. त्यांचेच अर्थमंत्री देलोर पुढे युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८९ चा चलन-एकीकरणाचा आराखडा त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. जर्मनीत मजुरी रोखणारे श्रोडर सोशल डेमोक्रॅट. २०१० च्या अटींवर सही करणारे पापांद्रेऊ सोशलिस्ट इंटरनॅशनलचे अध्यक्ष. चलन हा तज्ज्ञांचा विषय आहे, आपण कामगार-कल्याणाचे पाहू, अशी श्रमविभागणी युरोपच्या समाजवाद्यांनी स्वखुशीने पत्करली. चलन हातचे गेल्यावर कल्याणासाठी त्यांच्या हाती काही उरले नाही.

आणि जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते सोयीच्या वेळी शक्य झाले. जुलै २०१२ मध्ये युरो वाचविण्यासाठी लागेल ते करू, असे मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष द्रागी यांनी जाहीर केले. त्यासाठी आखलेल्या योजनेखाली एकही रोखा विकत न घेता बाजार शांत झाला. महामारीच्या काळात, २०२० मध्ये, युरोपीय संघाने ७५० अब्ज युरोंचे सामाईक कर्ज काढण्याचे ठरविले. त्यांतील ३९० अब्ज अनुदान म्हणून द्यावयाचे होते. १९५३ च्या लंडन करारात तर पश्चिम जर्मनीचे जवळजवळ निम्मे कर्ज माफ झाले होते, आणि त्यावर सही करणाऱ्या धनको देशांत ग्रीसही होता.

आपला रुपया हेही सामाईक चलनच आहे. दुष्काळ पडला म्हणून महाराष्ट्राला आपल्या रुपयाचे अवमूल्यन करता येत नाही. तरीही बिहारचा ग्रीस होत नाही, कारण संविधानाच्या २८० व्या अनुच्छेदाखालील वित्त आयोग केंद्रीय करांची वाटणी करतो आणि गरीब राज्याला त्याच्या भरण्याहून अधिक मिळते. "आमच्या करावर बिहार का पोसावा?" हा प्रश्न आता मुंबईतही विचारला जातो आणि दक्षिणेतही. तो जर्मन वृत्तपत्रांनी ग्रीकांविरुद्ध विचारलेलाच प्रश्न आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्याला टाळ्या देऊ नयेत. श्रीमंत राज्यांची खरी तक्रार गरीब राज्यांविरुद्ध असण्याचे कारण नाही. ती केंद्राविरुद्ध असली पाहिजे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांनी विक्रीकराचा आपला हक्क सोडला. ऑगस्ट २०२० मध्ये, महामारीच्या ऐन भरात, भरपाईची रक्कम देण्याऐवजी केंद्राने राज्यांना कर्ज काढण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये गदारोळानंतर ते स्वतः काढून राज्यांना देण्याचे मान्य केले. २९३ व्या अनुच्छेदाखाली, केंद्राचे देणे असलेल्या राज्याला कर्ज उभारण्यास केंद्राची संमती लागते. या अधिकाराविरुद्ध केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये तो प्रश्न घटनापीठाकडे सोपविण्यात आला. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरविला, परंतु उपकर आणि अधिभार या वाटणीबाहेर आहेत. केंद्राने त्यांत वाढ केली, की ४१ टक्के कागदावर राहतात. उपकर आणि अधिभार वाटपयोग्य निधीत आणण्यासाठी अनुच्छेद २७० मध्ये दुरुस्ती व्हावी, हा ठराव आपल्या जिल्हा शाखांनी येत्या अधिवेशनापूर्वी चर्चेला घ्यावा, आणि त्या चर्चेत बिहारचा वाटा कमी करण्याची उपसूचना कोणी आणली, तर ती फेटाळावी.